ट्रॅक्टरची छत्री आणि ट्रॅक्टरची चौकट

बी. ए. द्वितीय वर्ष

आपल्या ब्रह्मपुरी भागात धान हेच पीक आणि धान हेच जीवन. पूर्वी चिखलणी बैलांच्या नांगराने होत असे. आता बहुतेक बांध्यांत ट्रॅक्टर उतरला आहे. रोवणीच्या दिवसांत वडसा, आरमोरी किंवा नागभीडच्या रस्त्याने कोणी गेले तर चिखलाने माखलेले ट्रॅक्टर एकामागून एक जाताना दिसतात. सीटवर चालक, दोन्ही मडगार्डांवर घरची दोन-चार माणसे, मागे एखादा उभा. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही धोका असेल असे मनातही येत नाही. माझ्याही येत नव्हते. गेल्या आषाढात ते आले. त्यासंबंधीच हा लेख आहे.

आमच्या घरी दुसऱ्याकडून विकत घेतलेला जुना ट्रॅक्टर आहे. माझा मोठा भाऊ तो चालवितो. त्या दिवशी एका बांधीतली चिखलणी आटोपून दादा दुसऱ्या बांधीत जात होता. मध्ये धुरा होता. मडगार्डवर माझी सहा वर्षांची पुतणी बसली होती. पुढची चाके धुऱ्यावर चढली आणि मागची चिखलात रुतली. दादाने रेस वाढविली. चाके जागची हलेनात. पण ट्रॅक्टरचे तोंड मात्र हळूच वर उठू लागले. दादाचा पाय क्लचवर गेला आणि तोंड धाडकन खाली आले. पुतणी टाळ्या पिटून हसली. तिला ती गंमत वाटली. मी पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन धुऱ्यावर उभा होतो. मला हसू आले नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला. बाबा म्हणाले, "वरून येवढी लोखंडाची छत्री हाये ना, मंग कायचा भेव?" आमच्या ट्रॅक्टरवर उन्हापावसासाठी चार नळ्यांवर पत्रा बसविलेली छत्री आहे. ट्रॅक्टर उलटला तर ही छत्री माणसाला वाचवील काय, या एका प्रश्नाचे उत्तर मी शोधू लागलो. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. शिवाय इंग्रजी वाचणारा आमच्या घरात मीच पहिला, त्यामुळे चुकलो तर कान धरणारे घरी कोणी नाही. म्हणून शब्दकोश जवळ ठेवून वाचले आणि जे अडले ते आमच्या सरांना विचारले.

ट्रॅक्टर का उलटतो?

ट्रॅक्टरचे निम्म्याहून अधिक वजन मागच्या मोठ्या चाकांवर असते. इंजिन मागच्या आसाला पीळ देते. चाके मोकळी असली म्हणजे ती फिरतात आणि ट्रॅक्टर पुढे जातो. परंतु चाके चिखलात घट्ट अडकली तर तोच पीळ उलट ट्रॅक्टरच्या अंगावर येतो. चाक फिरत नाही, तेव्हा ट्रॅक्टरच आसाभोवती वर फिरू लागतो. आमच्या धुऱ्यावर नेमके हेच घडत होते. एका ठरावीक कोनापलीकडे तोंड गेले की मग क्लच दाबूनही उपयोग नसतो. वजनच ट्रॅक्टरला मागे पालथा करते. हा परतीचा क्षण सुमारे पाऊण सेकंदात निघून जातो. "उलटू लागला तर उडी मारू" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पाऊण सेकंदात माणसाला धोका कळतो न कळतो, उडी तर दूरच राहिली.

झाडाचे खुंट किंवा अडकलेली ट्रॉली ओढताना साखळी खालच्या हुकाला न बांधता वर आसाला बांधली, तरी हाच प्रकार होतो. ओढ जितकी वरून, तितके तोंड लवकर उठते. म्हणून साखळी नेहमी खालच्या हुकालाच बांधावी, आणि चाके रुतली असता पुढे रेटण्याऐवजी ट्रॅक्टर मागे घेऊन बाहेर काढावा.

दुसरा प्रकार बाजूला कलंडण्याचा. ट्रॅक्टर उंच असतो. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाबरोबर नुसता वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. त्यात ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ते सोयीचे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायदाने खिट्टीने एकत्र जोडावी लागतात. ती जोडली नाहीत आणि घाईत एकाच ब्रेकवर पाय पडला, तर भरधाव ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो आणि कलंडतो. आमच्या ट्रॅक्टरची खिट्टी कित्येक महिने गंजून पडली होती. दादाने ती आता तेल घालून मोकळी केली आहे.

चौकट म्हणजे काय?

शर्यतीच्या मोटारींत व जीपमध्ये उलटल्यावर आधार देणारा नळ्यांचा जो पिंजरा बसवितात, त्याला 'रोल केज' म्हणतात. मी घरी 'केज' म्हटले तेव्हा दादाला चिखलणीची लोखंडी केजव्हील आठवली. म्हणून येथे मी 'चौकट' हाच शब्द वापरतो. ट्रॅक्टरची चौकट साधी असते. सीटच्या मागे दोन भक्कम खांब आणि वर त्यांना जोडणारी आडवी पट्टी. काहींना चार खांब असतात. हे खांब मडगार्डवर नव्हे, तर मागच्या आसाच्या जाड कवचावर नेमून दिलेल्या बोल्टांनी बसविलेले असतात.

चौकटीचे काम दुहेरी आहे. एक तर ट्रॅक्टर कलंडला की ती जमिनीला टेकते व बहुतेक वेळा त्याला पुरते पालथे होऊ देत नाही. दुसरे म्हणजे चालकाभोवती एक मोकळी जागा राखून ठेवते. ही चौकट मुळीच वाकू नये अशी नसते, हे वाचून मला नवल वाटले. तिने थोडे वाकावे, आपटण्याचा जोर स्वतःत जिरवावा, पण तुटू नये व त्या मोकळ्या जागेत शिरू नये, अशी तिची घडण असते. यासाठी नमुन्याच्या चौकटीवर मागून व बाजूने जोर लावतात, वरून दाबतात आणि ती जागा शाबूत राहते की नाही हे मोजतात. भारतीय मानक ब्युरोनेही अशा चाचणीचे मानक ठरविले आहे.

छत्री चौकट का नव्हे?

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. आमची छत्री एका वेल्डिंगच्या दुकानात बनविली. पातळ नळ्या, पत्रा, आणि पाय मडगार्डच्या पत्र्यावर. जवळजवळ दोन टनांचा ट्रॅक्टर तिच्यावर आला तर नळ्या काडीसारख्या दुमडतील, मडगार्ड फाटेल, आणि तुटलेल्या नळीचे टोक माणसालाच लागेल. कारागिराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्याला सावली सांगितली होती, त्याने सावली करून दिली. तिच्याकडून जिवाची हमी मागणारे आपणच.

मग त्याच दुकानात जाड नळ्यांची चौकट करून घ्यावी काय? तेही नको. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचे लोखंड बदलते व तेथेच ते तडकू शकते. आसाच्या कवचाला भोके पाडली तर तेही कमकुवत होते. लोखंड जाड म्हणजे मजबूत, हा आपला समज अर्धाच खरा आहे. त्या ट्रॅक्टरसाठी तयार झालेली व चाचणीत उतरलेली चौकटच बसविली पाहिजे.

चौकटीचा जोडीदार म्हणजे सीटचा पट्टा. पट्टा नसेल तर ट्रॅक्टर कलंडताना माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्या अंगावर येऊ शकते. उलट, चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये. दोन्ही असावीत.

हीच गोष्ट जीपची. मुंबईत १९४७ साली महिंद्रने विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून कापडी टपाच्या जीपा आपल्या रानावनात फिरत आल्या. कुटुंबाच्या काळजीने कोणी अशा जीपमध्ये नळ्यांचा पिंजरा ठोकून घेतो. शर्यतीचा चालक डोक्यावर हेल्मेट घालतो व पट्ट्यांनी आवळलेला असतो. घरच्या माणसाचे उघडे डोके साध्या धक्क्यातही त्याच नळीवर आपटते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करता येत नाही.

इतर देशांचा अनुभव

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना चौकट सक्तीची केली. तेथे १९५७ साली दर एक लाख ट्रॅक्टरांमागे उलटण्याने १७ माणसे मरत. १९९० पर्यंत हे प्रमाण ०.३ वर आले. अमेरिकेत मजुरांनी चालवावयाच्या ट्रॅक्टरांसाठी १९७६ मध्ये नियम झाला. परंतु तो मालक आणि नोकर यांच्यापुरता होता; घरच्या शेतात राबणारा बाप आणि मुलगा त्यात आले नाहीत. म्हणजे घरच्या माणसाची काळजी कायद्याच्या आधी घरानेच घ्यावयाची असते, हे तेथेही खरे आणि येथेही.

घरच्यांचे काय?

एवढे वाचून झाल्यावर एक गोष्ट मला टोचू लागली. चौकट वाचविते ती फक्त सीटवरच्या एका माणसाला. मडगार्डवरची पुतणी तिच्या बाहेरच आहे. तेव्हा चांगली चौकट बसवूनही घरची माणसे मडगार्डवर बसत राहिली, तर आपण एकालाच वाचविले.

मी हे घरी सांगितले तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाया पायी गेल्या अन् वाघ आडवा आला त मंग?" या प्रश्नाला माझ्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नव्हते. आमच्या शेताची वाट जंगलाच्या कडेने जाते. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणूस यांची गाठ कशी पडते हे येथे कोणाला सांगावयास नको. लोक हौसेने मडगार्डवर बसत नाहीत. एका भीतीपासून पळून दुसरीवर जाऊन बसतात, आणि ही दुसरी त्यांना दिसत नाही.

शेवटी वहिनीने तोड काढली. उजाडल्याशिवाय कोणी निघावयाचे नाही. बाया सगळ्या मिळून घोळक्याने चालतील. दादा ट्रॅक्टर त्यांच्या पुढे, पायी चालण्याच्या गतीने नेईल. इंजिनाचा आवाज सोबतीला राहील. शेतात पोहोचावयास वेळ अधिक लागतो, आणि बाबा त्यावरून अजून कुरकुर करतात. पण उरलेली सारी रोवणी मडगार्ड रिकामे होते.

चौकटीची चौकशी मी दुकानात केली. आमच्या जुन्या ट्रॅक्टरची चौकट तयार नाही, मागवावी लागेल असे कळले. बाबांनी धान विकल्यावर पाहू असे म्हटले आहे. त्यांच्या 'पाहू'चा अर्थ मला ठाऊक आहे. म्हणून मी किमतीचा कागद देवघराच्या फळीवर, त्यांना रोज दिसेल असा ठेवला आहे.

माझ्या वाचकमित्रांपैकी पुष्कळांच्या घरी ट्रॅक्टर आहे. त्यांना एवढेच सांगणे की आज घरी गेल्यावर आपल्या ट्रॅक्टरच्या छत्रीचे पाय कशावर टेकले आहेत ते खाली वाकून पाहा. ते मडगार्डवर असतील तर ती छत्री उन्हापुरतीच आहे, हे घरच्यांना सांगा. आपण शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग घराला व्हावा.