घरच्या जिमचा आवाज: आधी खोली, मग स्पीकर

मराठवाड्यातल्या धर्माबादसारख्या गावात घरची जिम बहुधा गच्चीवरच्या खोलीत थाटली जाते. दहा बाय बाराची खोली, वर स्लॅब, खाली फरशी, एका भिंतीला मोठा आरसा. इथे महागडा स्पीकर आणून ठेवला तरी गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसता गलका होतो. गिलावा, फरशी आणि काच आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. एक सूर विरण्याआधी दुसरा त्यावर येऊन आदळतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे झणझण रेंगाळली, तर पहिला खर्च स्पीकरवर करू नये.

खोलीत आवाज कसा घुमतो याचे शास्त्र वॉलेस सॅबिन यांनी घडवले. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका सभागृहात व्याख्यान नीट ऐकू येत नसे. १८९५ पासून सॅबिन रात्री-रात्री तिथे दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत आणि ऑर्गनच्या नळीचा सूर थांबल्यावर आवाज किती वेळ घुमतो ते मोजत. गाद्या वाढल्या तसा तो काळ घटत गेला. मराठवाड्यात यासाठी गाद्या वाहण्याची गरज नाही. घरोघरी जाड वाकळा, म्हणजे गोधड्या, आहेत. आरशासमोरच्या भिंतीवर अशा तीन-चार वाकळा भिंतीपासून बोटभर अंतर सोडून टांगल्या आणि खाली रबरी मॅट अंथरली, की त्याच स्पीकरमधून शब्द सुटे ऐकू येतात. फक्त खर्जाचे दणके वाकळांना आवरत नाहीत. ते स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतात. घरात म्हातारी माणसे झोपत असतील तर सबवूफर घेऊच नये.

स्पीकर घेताना खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’च्या, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीच्या, हजारांतल्या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करावे; ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारे, वॅट विचारावेत. १० वॅटचे २० केले तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. एवढ्या खोलीला २०-३० वॅट आरएमएस पुष्कळ झाले. स्पीकर फरशीवर किंवा कोपऱ्यात न ठेवता छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवावा. कोपऱ्यात खर्ज उगाच फुगतो.

उन्हाळ्यात कूलर लागतो आणि त्याच्या घरघरीवर मात करायला हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. अशा वेळी स्पीकर व्यायामाच्या जागेजवळ आणावा, आवाज चढवू नये. कूलरच्या ओलसर झोतात तर तो मुळीच ठेवू नये. पाणी-धुळीपासून बचावाच्या मानांकनांपैकी घामाच्या शिंतोड्यांसाठी ‘आयपीएक्स ४’ पुरते, धुळीसाठी ‘आयपी ६७’ बरे. वीज गेली तरी व्यायाम थांबू नये यासाठी बॅटरीवर चालणारा स्पीकर सोयीचा. मोबाइलवरच्या व्हिडिओबरोबर व्यायाम करायचा असेल, तर ब्लूटूथपेक्षा वायर बरी. ब्लूटूथचा आवाज चित्रामागे किंचित रेंगाळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. रोज पाऊण तास ९० डेसिबलवर व्यायाम करणारा सहाव्या दिवशीच ही मर्यादा ओलांडतो. शेजाऱ्यांसाठीची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. या नियमांत रात्र सकाळी सहाला संपते. पहाटे पाचला डंबेल उचलणाऱ्यांनी रात्रीचीच मर्यादा पाळावी.