'नन' आलं म्हणजे फाइल रिकामी नव्हे

मराठी विकिपीडियावरचा सगळा मजकूर कुणालाही उतरवून घेता येतो. विकिमीडिया तो 'डम्प' म्हणून ठरावीक काळाने प्रसिद्ध करतं. डम्प म्हणजे आवळून बारीक केलेली एक लांबलचक एक्सएमएल फाइल. शब्दांची वारंवारता मोजायची असो की शुद्धलेखन तपासणारं साधन बनवायचं असो, मोकळ्या परवान्यावरच्या मराठी मजकुरासाठी पुष्कळ जण या फाइलपासूनच सुरुवात करतात. आणि अनेकांची गाडी पहिल्या दहा ओळींतच अडते.

माझीही अडली होती. पायथनमधल्या एलिमेंटट्री या पार्सरने फाइल वाचून टॅगचं झाड उभं केलं, 'फाइंड'ने पहिलं 'पेज' मागितलं आणि उत्तर आलं 'नन', म्हणजे काहीच नाही. उतरवताना फाइल खराब झाली असेल असं वाटून मी ती पुन्हा उतरवली. पुन्हा 'नन'. फाइल दोन्ही वेळा धडधाकट होती. चूक होती ती टॅगचं नाव डोळ्यांना दिसतं तेवढंच असतं, या माझ्या समजुतीत.

गैरसमज: टॅगवर 'पेज' लिहिलंय, म्हणजे त्याचं नाव 'पेज'.

डम्पच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये एक नेमस्पेस जाहीर केलेली असते. ती वेबपत्त्यासारखी दिसते आणि तिच्या शेवटी मीडियाविकीच्या निर्यात-नमुन्याची आवृत्ती असते, उदाहरणार्थ ०.१० किंवा ०.११. हिला आखूड उपसर्ग दिलेला नसल्यामुळे ती आतल्या प्रत्येक टॅगला आपोआप लागू होते. एलिमेंटट्रीच्या लेखी टॅगचं पूर्ण नाव म्हणजे महिरपी कंसात ती नेमस्पेस आणि तिला चिकटून 'पेज'. नुसतं 'पेज' नावाचं त्या फाइलमध्ये काहीही नाही, त्यामुळे 'नन' हे अगदी खरं उत्तर होतं.

पूर्ण नाव स्क्रिप्टमध्ये जसंच्या तसं लिहिण्यातही धोका आहे. निर्यात-नमुन्याची आवृत्ती बदलली की ते नाव बदलतं आणि काल चालणारी स्क्रिप्ट आज मुकाट्याने शून्य पानं मोजते. पायथन ३.८ पासून महिरपी कंसात नुसती चांदणी (*) टाकून 'नेमस्पेस कोणतीही चालेल' असं सांगता येतं. या फाइलसाठी मी तेच सुचवेन. एक गोंधळ मात्र टाळा. पेजमधला 'एनएस' हा टॅग विकीच्या स्वतःच्या नामविश्वाचा क्रमांक आहे (लेखांना ०, साच्यांना १०, वर्गांना १४). एक्सएमएलच्या नेमस्पेसशी त्याचा संबंध नाही.

गैरसमज: 'फाइंड' सगळ्या झाडात शोधतं.

'फाइंड' फक्त मुलांना विचारतं, नातवंडांना नाही. डम्पची रचना अशी: मुळाशी 'मीडियाविकी', त्याच्या पोटात एकदाच 'साइटइन्फो' आणि नंतर ओळीने पेजेस. पेजमध्ये टायटल, एनएस, आयडी आणि रिव्हिजन. रिव्हिजनमध्ये पुन्हा एक आयडी, वेळ, कॉन्ट्रिब्युटर आणि टेक्स्ट. कॉन्ट्रिब्युटरमध्ये युजरनेम आणि तिसरा आयडी. पेजकडे आयडी मागितला तर पानाचा मिळतो. युजरनेम हवं असेल तर रिव्हिजन, मग कॉन्ट्रिब्युटर, मग युजरनेम असा पायरीपायरीने रस्ता द्यावा लागतो.

हा रस्ता लांबचा वाटतो म्हणून लोक सगळ्या झाडात खोलवर शोधायला सांगतात. तिथे खरं नुकसान होतं. एका पेजखाली 'सगळे आयडी' मागितले तर तीन वेगवेगळ्या गोष्टींचे क्रमांक एकाच यादीत येऊन पडतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सगळी शीर्षकं एका यादीत, सगळी सदस्यनामं दुसऱ्या यादीत आणि मग दोन्हींच्या जोड्या लावायच्या. खातं न उघडता केलेल्या जुन्या संपादनांत युजरनेम नसतं, त्याजागी आयपी असतो. असं पहिलं पान आलं की दुसरी यादी एका घराने सरकते आणि तिथून पुढे प्रत्येक लेख भलत्याच माणसाच्या नावावर जमा होतो. स्क्रिप्ट कुठेही तक्रार करत नाही. फुकट राबणाऱ्या संपादकांचं श्रेय असं परस्पर दुसऱ्याला जाणं मला फार लागतं. म्हणून एक पेज हातात घ्यायचं, त्याचं सगळं त्याच्याच आतून काढायचं आणि मगच पुढच्या पेजकडे वळायचं.

गैरसमज: एलिमेंट सापडला की 'इफ' खरं ठरतं.

पुनर्निर्देशनाच्या पानात 'रिडायरेक्ट' नावाचा एक टॅग असतो. कुठे पाठवायचं ते त्याच्या टायटल या अ‍ॅट्रिब्युटमध्ये, आणि पोटात काहीच नाही. आता 'हा टॅग सापडला तर पान वगळ' असं सरळ लिहिलं, तर एकही पान वगळलं जात नाही! कारण एलिमेंटट्रीत मुलं नसलेला एलिमेंट 'इफ'मध्ये खोटा ठरतो. टॅग नाही म्हणून 'नन' आणि टॅग आहे पण निपुत्रिक, दोघांचं उत्तर एकच. मग पुनर्निर्देशनं लेख म्हणून मोजली जातात आणि आकडा फुगतो. 'सापडलेली वस्तू नन नाही ना' हे स्पष्ट शब्दांत विचारायचं, एवढाच यावर उपाय. पायथन ३.१२ पासून अशा 'इफ'वर सूचना छापली जाते, पण ती वाचली तर उपयोग.

याच टॅगमुळे क्रमांकाने मूल उचलण्याची सवयही मोडते. साध्या पानात शून्यापासून मोजून तिसरं मूल रिव्हिजन असतं. पुनर्निर्देशनात त्या जागी रिडायरेक्ट येऊन बसतं.

गैरसमज: सगळं डिक्शनरीत बदललं की सोपं होतं.

एक्सएमएल-टू-डिक्टसारखी साधनं सोयीची आहेत, हे खरं. पण मूल एक असेल तर ती डिक्शनरी देतात आणि अनेक असतील तर यादी. फक्त ताज्या आवृत्त्यांच्या डम्पमध्ये प्रत्येक पेजला एकच रिव्हिजन असते, त्यामुळे स्क्रिप्ट छान चालते. तीच संपूर्ण इतिहासाच्या डम्पवर लावली की काही पानांना डिक्शनरी आणि काहींना यादी मिळते. या टॅगची यादीच हवी, असं त्या साधनाला आधी बजावता येतं आणि ते बजावलंच पाहिजे. पर्लमधल्या एक्सएमएल-सिंपलमध्येही हाच घोळ होता. नव्या कामात ते वापरू नका, असं त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे.

गैरसमज: लेखातले संदर्भही टॅगच, तेही 'फाइंड'ने मिळतील.

लेखाच्या मजकुरात 'रेफ'सारखे टॅग दिसतात खरे, पण डम्पमध्ये त्यांचे कोनी कंस सांकेतिक रूपात लिहिलेले असतात. पार्सरसाठी टेक्स्टच्या आत एकच सलग अक्षरमाळा आहे. संदर्भ, साचे, दुवे ही विकीची वेगळी लिपी आहे आणि तिला वेगळा पार्सर लागतो.

गैरसमज: मोठी फाइल 'आयटरपार्स'ने वाचली की मेमरीची चिंता मिटली.

आयटरपार्स फाइल तुकड्यातुकड्याने वाचतं, पण वाचलेलं झाड टाकून देत नाही. ते आपल्याला 'क्लिअर' करावं लागतं, आणि कुठे करतो याला महत्त्व आहे. प्रत्येक टॅग संपताच क्लिअर केलं, तर पेज संपेपर्यंत त्याचं टायटल आधीच पुसलेलं असतं. मग शीर्षकं रिकामी येतात आणि दोष फाइलला दिला जातो. पेज पूर्ण संपल्याची घटना आली की त्यातून हवं ते काढायचं आणि मगच ते पेज पुसायचं. तरीही रिकामी झालेली पेजेस मुळाला लटकून राहतात, म्हणून मूळही मोकळं करत जायचं.

स्क्रिप्ट पूर्ण डम्पवर सोडण्याआधी तीन पानं जशीच्या तशी छापून बघा: एक साधा लेख, एक पुनर्निर्देशन, एक शेवटच्या संपादनात युजरनेमऐवजी आयपी असलेलं. वरच्यातले बरेचसे घोळ तिथेच दिसतील. आणि मराठी विकिपीडियाबद्दल एखादा आकडा जाहीर करणार असाल, तर तो काढणारी स्क्रिप्ट आणि डम्पची तारीखही सोबत द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो पडताळून पाहता येईल.