सेल बदलले, घड्याळ लावले का?

रक्तदाबमापक यंत्राचे सेल संपतात. आपण नवे घालतो, पडदा उजळतो आणि काम झाले असे समजून यंत्र खणात ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेली नोंद मात्र यंत्राच्या लेखी कदाचित कित्येक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीची, मध्यरात्रीची असते!

असे का होते? यंत्रातील जुन्या नोंदी सहसा अशा स्मृतीत साठवलेल्या असतात, की वीज नसली तरी त्या पुसल्या जात नाहीत. घड्याळाला मात्र सतत वीज लागते. सेल काढताच अनेक यंत्रांतील घड्याळ थांबते व पुन्हा मूळ तारखेपासून सुरू होते. आकडे खरे, पण वेळ खोटी, अशी विचित्र अवस्था होते.

ही चूक क्षुल्लक मानू नये. पहाटेचा रक्तदाब चढा आहे की सायंकाळचा, हे पाहून डॉक्टर औषधाची मात्रा व वेळ ठरवू शकतात. सकाळ-संध्याकाळची सरासरी काढणारी यंत्रेही याच घड्याळावर विसंबून असतात. वेळ बारा तासांनी चुकली, तर सकाळची नोंद रात्रीची ठरते.

ग्लुकोमीटरच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. आपल्याकडे रक्तशर्करा ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ या एककात मोजतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे ‘मिलिमोल प्रति लिटर’मध्ये. दुसऱ्या एककातील आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. परदेशातील मुलाने प्रेमाने आणलेल्या यंत्रावर १५ दिसले, तर ती साखर २७० आहे. साखर फारच उतरली असे समजून कोणी अशा वेळी साखरपाणी दिले, तर अपायच होईल. आज बहुतेक यंत्रांत एकक कारखान्यातच कायम केलेले असते. जुन्या काही यंत्रांत मात्र ते तारीख-वेळ लावताना चुकून बदलू शकते.

म्हणून सेल बदलण्याचा दिवस हा तपासणीचाही दिवस समजावा. प्रथम तारीख, वर्ष व वेळ लावावी; सकाळ की दुपार, हेही पाहावे. मगच पहिली नोंद घ्यावी, कारण आधीच्या नोंदीवरील चुकीची वेळ मागाहून सहसा सुधारता येत नाही. ग्लुकोमीटरच्या पडद्यावर आकड्याशेजारील एकक वाचावे. अक्षरे बारीक असल्यास हे काम घरातील तरुण माणसाने करावे. आकडा आणि प्रकृती यांचा मेळ बसत नसेल, तर हात धुऊन, पुसून पुन्हा तपासावे. घाम, थरथर, गोंधळलेपणा अशी लक्षणे असल्यास मात्र यंत्राशी खटपट करत न बसता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

यंत्राजवळ एक वही ठेवावी. तारीख, वेळ, आकडा आणि शर्करा मोजली असल्यास जेवणापूर्वी की नंतर, एवढेच लिहावे. सेल संपले तरी वहीतली वेळ पुसली जात नाही.