मध्यरात्रीचा पहारा आणि वाकणारा आवाज

पौषातल्या रात्री आष्टी तालुक्यात दूरच्या वस्तीवर चाललेले भजन घरात बसून ऐकू येते, टाळांच्या ठेक्यासकट. त्याच वस्तीवरून दुपारी कोणी हाका मारल्या तर शिवार ओलांडून येत नाहीत. रात्री सगळीकडे निजानीज असते हे एक कारण झाले. मोठे कारण हवेच्या तापमानात आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्या वरची उबदार. उबदार हवेत आवाज वेगाने जातो, गार हवेत मंदावतो, आणि या फरकामुळे वर निघालेला आवाज वळून परत जमिनीकडे येतो. दुपारी जमीन तापते, थर उलटे होतात आणि आवाज वर वाकून आपल्या डोक्यावरून निघून जातो.

आष्टीपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तिथे पाण्याखालीही आवाज असाच वाकतो, आणि युद्धाच्या काळात त्या वाकण्यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात. नौदल अधिकाऱ्याचा युद्धातला दिवस म्हटले की आपल्याला तोफा आणि क्षेपणास्त्रे आठवतात. प्रत्यक्षात त्या दिवसातले बहुतेक तास जागण्यात, पाहण्यात आणि ऐकण्यात जातात. हल्ला काही मिनिटांचा असतो, पहारा मात्र चोवीस तासांचा.

जहाजावरचा दिवस पहाऱ्यांत वाटलेला असतो. नौदलात त्यांना वॉच म्हणतात. चार-चार तासांचे पाच वॉच आणि संध्याकाळी चार ते आठ या वेळेत दोन-दोन तासांचे दोन, असे सात. सहा वॉच ठेवले असते तर त्याच त्या माणसांच्या वाट्याला रोज मध्यरात्र आली असती. विषम संख्येमुळे पाळी आपोआप पुढे सरकते. युद्ध सुरू झाले की विश्रांतीचे तास कमी होतात. जेवढा वेळ पहारा, तेवढीच विश्रांती, आणि त्या विश्रांतीतच जेवण, नोंदी, दुरुस्त्या. धोक्याची घंटा झाली की तीही गेली. झोपायचे तेही अंगावरच्या कपड्यांत, तरंगण्याचे जाकीट हाताशी ठेवून.

यातला सगळ्यात अवघड पहारा मध्यरात्री बारा ते चारचा. पहाटे चारच्या आगेमागे माणसाच्या शरीराचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते आणि मेंदूची तत्परताही तेव्हाच ढासळते. इच्छाशक्ती कितीही असली तरी शरीरातल्या या घड्याळाशी वाद घालता येत नाही. रात्रपाळीचा एसटी चालक किंवा रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणारा शेतकरी हे चांगले जाणतो. फरक एवढाच की ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथल्या, अधिकाऱ्याभोवती दिवे विझवलेली इतर जहाजे तितक्याच अंधारात धावत असतात, आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओवर बोलायचीही बंदी असते.

अंधारात पाहण्याचेही शास्त्र आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास लागतो. एकदा पांढरा दिवा डोळ्यांवर पडला की ही सारी तयारी वाया जाते. दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून रात्री नकाशाच्या टेबलावर मंद लाल दिवा असतो आणि नवा अधिकारी पाळीच्या आधीच वर येऊन अंधाराला सरावतो. आणखी एक गोष्ट त्याला शिकवलेली असते: क्षितिजावर काही दिसल्याचा भास झाला तर थेट तिकडे न बघता किंचित बाजूला बघायचे. नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात. चांदणे नसलेल्या रात्री एखाद्या फिकट ताऱ्यावर हा प्रयोग आपल्या गच्चीवरूनही करता येतो.

टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागाला जहाजावरची आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. चहूकडे पाणी असते, पण एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ. गोडे पाणी जहाजावरच तयार करावे लागते. वाफेवर चालणाऱ्या जहाजांत त्यातले सर्वांत शुद्ध पाणी बॉयलरला लागे, कारण मिठाने नळ्या खराब झाल्या तर जहाजच थांबेल. इंजिनाची तहान आधी, माणसांची आंघोळ नंतर. आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहणाऱ्या ताफ्यात पाण्याचे रेशन हा रोजचा विषय असतो. 1971 च्या भारत-पाक युद्धात बंगालच्या उपसागरात विक्रांत या विमानवाहू नौकेसोबत पूर्वेचा असाच ताफा होता. त्यातल्या आयएनएस कामोर्टाचे नेतृत्व मनोहर आवटी यांच्याकडे होते. त्या युद्धातील कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल झालेले आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णीत, आपल्यासारख्याच कमी पावसाच्या पठारावर.

आता पुन्हा आवाजाकडे. पाण्यात प्रकाश आणि रेडिओलहरी फार लांब जात नाहीत, आवाज जातो. सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगाने. पाणबुडी शोधणारे सोनार यंत्र ध्वनीचा एक ठोका पाण्यात सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. पण समुद्र एकसारखा नाही. पाणी एक अंशाने तापले की आवाजाचा वेग सेकंदाला अडीच-तीन मीटरने वाढतो. वरचे पाणी उबदार आणि खालचे गार असेल तर आवाज खालच्या, संथ थराकडे वाकतो. काही अंतरापुढे पृष्ठभागाजवळ अशी एक जागा राहते जिथे ठोका पोचतच नाही. तिला छायाप्रदेश म्हणतात. तापमान एकदम घसरते त्या थराच्या खाली शिरलेली पाणबुडीही वरच्या जहाजाला अशीच हुलकावणी देऊ शकते.

हे कळायला वेळ लागला. 1930 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या सेम्स या जहाजावर ग्वांटानामोजवळ चाचण्या चालू होत्या. सकाळी उत्तम चालणारे सोनार दुपारी बहिरे व्हायचे. जेवण झाल्यावर ऐकणारे खलाशी पेंगतात, असा समज झाला. संशोधकांनी पाण्याचे तापमान मोजले तेव्हा दिसले की उन्हाने वरचा थोडासा थर तापत होता आणि आवाज खाली वाकत होता. माणसे निर्दोष होती. त्यानंतर अथेल्स्टन स्पिलहाउस यांनी चालत्या जहाजावरून खोलीनुसार तापमान नोंदवणारे बॅथिथर्मोग्राफ हे उपकरण बनवले, आणि पाण्याचे तापमान घेणे हा युद्धनौकेवरच्या दिनक्रमाचा भाग झाला.

सोनारचा आणखी एक पेच आहे. ठोका जाऊन परत यायला हवा, तेव्हा जहाजाला पाणबुडी कळते. पाणबुडीला मात्र तोच ठोका एकेरी प्रवासात, म्हणजे कितीतरी आधी ऐकू येतो. शिवाय जहाज जितके वेगात, तितका त्याचाच गोंगाट जास्त आणि ऐकणे कमी. हळू गेले तर ऐकू येते, पण आपण सोपे लक्ष्य होतो.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री आयएनएस खुखरी ही फ्रिगेट जातीची युद्धनौका याच पेचात होती. किरपाण या दुसऱ्या फ्रिगेटसह ती दीवजवळच्या समुद्रात हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होती. सोनारची क्षमता वाढवणारे, भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेले उपकरण तिच्यावर चाचणीसाठी बसवलेले होते, आणि ते घडवणारा तरुण अधिकारी लेफ्टनंट व्ही. के. जैन जहाजावरच होता. नीट ऐकू यावे म्हणून वेग कमी ठेवला होता. हँगोरने त्यांना आधी ऐकले. रात्री पावणेनऊच्या सुमारास पाणतीर लागला आणि काही मिनिटांत खुखरी बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. खुखरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना जहाज सोडायला लावले, स्वतः सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

कमी वेग ही चूक होती, असे आज बसल्या जागी म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. जुन्या सोनारने नव्या पाणबुडीचा माग काढायचा तर ऐकण्याची ताकद वाढवण्यावाचून मार्ग नव्हता, आणि तो प्रयोग युद्ध चालू असताना करावा लागला. तरुण लेफ्टनंट जैन त्या प्रयोगासाठीच जहाजावर होते आणि जहाजाबरोबरच गेले. त्यांचे नाव विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या आष्टीतल्या दहावीच्या मुलामुलींना शेवटी एक सांगायचे आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात जायचे असेल तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागते, म्हणून हे विषय अवघड म्हणून सोडू नका. त्या प्रबोधिनीची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे, मुलींसाठीची नाशिकला आहे, आणि तिथल्या प्रवेशासाठी दहावीत असतानाच अर्ज करावा लागतो.