गाडी विकली, पण आरसीवर नाव कुणाचं?

फिरायला म्हणून हौसेनं घेतलेली बुलेट किंवा जीप काही वर्षांनी विकायला निघते. पार्किंगची अडचण असते, मुलांच्या फीचा खर्च असतो. घेणारा बहुतेक वेळा नात्यातला नाहीतर मोहल्ल्यातला. पैसे मोजले, किल्ली दिली, सलाम-दुआ झाली की व्यवहार संपला असं आपण धरतो. "घरचाच माणूस आहे, कागद कशाला?"

पण कायदा आरसीवरचं नाव बघतो. 2009 साली झालेल्या एका अपघातातली गाडी त्याआधीच एकापाठोपाठ अनेकांना विकली गेली होती, आरसी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सांगितलं, की भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच. म्हणजे गाडी चालवतो दुसरा आणि कोर्टाची नोटीस येते आपल्या घरी.

लिहून घेणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास नव्हे. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दलच आहे. उधारी मुदतीसह लिहावी, खरेदी-विक्रीला गवाह ठेवावेत, ही तिची शिकवण. मग आपणच लिहायला का लाजायचं?

करारात काय लिहाल?

- दोघांची नावं, पत्ते, ओळखपत्राचे क्रमांक
- गाडीचा, इंजिनचा आणि चेसिसचा नंबर
- किंमत आकड्यात व अक्षरात. पैसे कसे दिले. हप्ते असतील तर त्यांच्या तारखा
- ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर
- गाडीतले माहीत असलेले ऐब. ते लपवून विकणं दीनमध्येही जायज नाही
- ताबा देईपर्यंतची ई-चलनं विकणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची
- दोन साक्षीदारांच्या सह्या

पैसे शक्यतो बँकेतून घ्या. 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर आयकर कायद्यानं दंड होतो, तोही घेणाऱ्याला नाही, पैसे स्वीकारणाऱ्याला.

आरटीओचं काम

नोटरी केलेला करार हा फक्त पुरावा. त्यानं आरसीवरचं नाव बदलत नाही. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन बोजा उतरवा. आपल्या उपनगरांत अंधेरीची नोंदणी एमएच-02, बोरिवलीची एमएच-47, तर घाटकोपर-मुलुंडच्या गाड्या वडाळ्याच्या एमएच-03 मध्ये येतात.

विमाही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा. त्यासाठी घेणाऱ्यानं 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हातात देऊ नका. सह्या केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा. पंधरा-वीस दिवसांनी परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते बघा. नसेल बदललं, तर घेणाऱ्याला लगेच फोन करा. नात्यातला असला तरी.