धाग्यालाही लागते टाकी!

समजा, तुमच्या कॉलेज टीमने रेसिंग कारसाठी महागडं कार्बन फायबर आणलं. प्लास्टिकमध्ये घालून पार्ट बनवला आणि टेस्टिंगला तो कटकन तुटला. खापर कुणावर फोडाल? फायबरवर? थांबा! आधी तुटलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली बघा. धागे अगदी स्वच्छ, प्लास्टिकचा कणही न चिकटता उपसून आलेत? मग धागा दणकट होता, प्लास्टिकही ठीक होतं. दोघांचं आपसात जमलंच नाही.

कार्बनचा धागा जेमतेम ५ ते ७ मायक्रॉन जाड, आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. पण त्याचा पृष्ठभाग भलताच अलिप्त, सहजी कुणाशी बंध न जोडणारा. प्लास्टिकवरचा भार धाग्याकडे जातो तो या पृष्ठभागातूनच. तिथली पकड सुटली, की धाग्याची ताकद कागदावरच राहते.

त्यात थर्मोप्लास्टिकचे नखरे वेगळे. वितळलं तरी ते इतकं दाट, की धाग्यांच्या फटींत सहज शिरत नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याच धाग्यांवर इपॉक्सीला मानवणारा लेप असतो. ‘पीक’ नावाचं प्लास्टिक वितळतंच ३४३ अंश सेल्सिअसला. त्या आचेत हा लेप टिकत नाही.

उपाय? आजीला विचारा. पाटा गुळगुळीत झाला, की त्याला टाकी लावून घ्यायचे. धाग्याचंही तसंच. विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरण, प्लाझ्मा किंवा नायट्रिक आम्ल वापरून त्याचा पृष्ठभाग किंचित खडबडीत करतात. त्यावर ऑक्सिजन असलेले रासायनिक गटही तयार होतात. तेच प्लास्टिकशी हात मिळवतात. पॉलिप्रॉपिलीन मात्र तरीही दाद देत नाही. मग त्यात मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मिसळतात, मध्यस्थ म्हणून!

पण अति तिथे माती. प्रक्रिया जास्त झाली, की धाग्यावर खड्डे पडतात आणि तो स्वतःच कमकुवत होतो.

एवढा खटाटोप कशाला? कारण इपॉक्सी एकदा घट्ट झालं, की पुन्हा वितळत नाही. थर्मोप्लास्टिक वितळवून पुन्हा घडवता येतं, वेल्डही करता येतं. एअरबस ए३५० विमानाच्या सांगाड्यात थर्मोप्लास्टिक कंपोझिटच्या कितीतरी क्लिपा आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी पार्ट तुटला, तर तुकडे लगेच कचऱ्यात टाकू नका. ‘पकड कुठे सुटली?’ हे तेच सांगतील.