आधी जिमखाना, मग बसस्टॉप

पुण्यात रिक्षावाल्याला ‘डेक्कन’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. त्यामुळे डेक्कन हे भागाचं नाव आणि त्या भागातला म्हणून तो डेक्कन जिमखाना, असं बाहेरचेच काय, पुष्कळ पुणेकरही धरून चालतात. झालं उलटं. जिमखाना 1906 सालचा. मुठा नदीपलीकडे तेव्हा भांबुर्डे-एरंडवण्याची शेतं होती. वस्ती मागून आली आणि तिने क्लबाचंच नाव उचललं.

जिमखाना म्हटलं की गोऱ्या साहेबांचा क्लब, हाही समज इथे लागू पडत नाही. हा जिमखाना पुण्याच्या एतद्देशीयांनी काढला. टेनिस-क्रिकेट होतंच, पण खो-खोसारख्या देशी खेळांचे नियम कागदावर आणण्याच्या सुरुवातीच्या खटपटीतही त्याचं नाव येतं.

सगळ्यात घट्ट रुतलेला समज ऑलिंपिकचा. भारताचं ऑलिंपिक 1928 च्या हॉकीच्या सुवर्णपदकापासून सुरू होतं, असं पुष्कळांना वाटतं. जाणकार 1900 च्या पॅरिसमधल्या नॉर्मन प्रिचर्डचं नाव घेतात. पण तो एकटा उतरला होता, संघ नव्हता. संघ गेला तो 1920 मध्ये अँटवर्पला, आणि त्याची सुरुवात जिमखान्याच्या मैदानावर झाली.

जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. जिमखान्याच्या शर्यतींत धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. पायांत बूट नाहीत, युरोपातले नियम कधी कानांवर पडलेले नाहीत. तरी काहींची वेळ दोराबजींना तिकडच्या धावपटूंच्या तोडीची वाटली. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड पाहुणे म्हणून आले होते, त्यांच्याकडे दोराबजींनी ऑलिंपिकचा विषय काढला. पुढे जिमखान्याच्या समितीत प्रश्न निघाला, की शंभर मीटरला वेळ किती लागली तर चालेल? एका सभासदाने एक-दोन मिनिटं सांगितली! हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा, त्यातही सेकंदाच्या अंशांचा असतो हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. मला हा किस्सा हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. एवढ्या अज्ञानातून संघ उभा करायचा तर जिद्दही तेवढीच लागते.

हा संघ नुसती हजेरी लावून आला, असंही कोणी म्हणतं. पण बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले, वेळ 2 तास 50 मिनिटं. ती मॅरेथॉन 42.75 किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होती. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. कांस्यपदकाची कुस्ती ते ब्रिटनच्या बर्नार्डशी हरले. कुस्तीतलं पदक भारताला मिळालं ते थेट 1952 मध्ये, हेलसिंकीत, खाशाबा जाधवांच्या हातून. खाशाबांचं नाव पोराटोरांना ठाऊक आहे. शिंद्यांचं कोल्हापुरातल्या तालमींत तरी कितीजणांना सांगता येईल?

उलट टोकाचा समज खास पुणेरी: सगळं जिमखान्यानेच केलं. तसं नाही. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला, परवानगीचं दार गव्हर्नरांच्या शब्दाने उघडलं आणि संघात बंगालचे पी. सी. बॅनर्जीही होते. भारतीय ऑलिंपिक संघटना तर 1927 मध्ये निघाली. त्याआधी, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून गेले ते पुण्याचे नव्हेत, मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे हॅरी बक.